जुन्या ४०७ चं दार उचलून लावावं लागतं, नवीन दार न घेता स्वस्तात काय करता येईल?

तुमच्या १९९८ च्या ४०७ चं, म्हणजे टाटाच्या छोट्या ट्रकचं, ड्रायव्हरकडचं दार हँडलला धरून वर उचलल्याशिवाय लागत नाही, खड्ड्यात खडखडतं, आणि गॅरेजवाला म्हणतो की दारच बदला. वाचून हसू आलं, कारण आमच्या गाडीला हाच रोग होता आणि आम्हालाही हेच औषध सांगितलं होतं. आमची ४०७ नारायणगावहून वाशीला टोमॅटो न्यायची. नवीन दार घेतलं नाही. २०१६ साली सगळं मिळून साडेसहाशे रुपये गेले, त्यातले चारशे लेथवाल्याला. आज थोडे जास्त लागतील, पण दाराच्या किमतीच्या आसपासही जाणार नाहीत.

मी मेकॅनिक नाही. गाडी दारात उभी राहिली की भाडं बुडतं, म्हणून शिकलो.

पहिली गोष्ट म्हणजे दार सहसा खराब होत नाही, बिजागरीतली पिन आणि बुश, म्हणजे पिनभोवतीची धातूची नळी, झिजतात. आपण ड्रायव्हरच्या सीटवर चढतो कसे ते आठवा. एक पाय पायरीवर, एक हात स्टिअरिंगला आणि दुसरा हात उघड्या दाराला लटकलेला. दाराचं स्वतःचं वजन असतंच, त्यात आपलं अर्धं वजन, दिवसातून वीस-तीस वेळा, पंचवीस वर्षं. ग्रीस कोणी घालत नाही. पिन बारीक होते, भोक अंड्यासारखं लांबट होतं, आणि दार लोंबायला लागतं.

खात्री अशी करा. दार अर्धं उघडा, काच खाली घ्या आणि लॉककडच्या टोकाला खालून धरून दार सावकाश वर उचला. ‘टक’ असा आवाज येऊन दार हललं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. आता दुसऱ्या माणसाला बिजागरीवर बोट ठेवायला सांगा, कुठली हलते ते त्याला बोटालाच कळेल. बहुतेक वेळा वरची असते, कारण दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं. दार बंद करून फटीही बघा. पुढच्या बाजूला वरची फट मोठी आणि मागच्या बाजूला वरची फट बारीक असेल तर वरची बिजागरी गेली असं समजा.

झीज दिसायला किरकोळ असते, म्हणून लोक फसतात. समजा दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आहे आणि दार ९० सेंटिमीटर रुंद आहे. वरच्या पिनमध्ये फक्त १ मिलिमीटर झीज झाली तरी लॉककडचं टोक सव्वादोन मिलिमीटर खाली येतं. पिन दोन मिलिमीटर झिजली की साडेचार. तेवढ्यात लॉक स्ट्रायकरच्या, म्हणजे चौकटीवरच्या लॉक अडकायच्या खुंटाच्या, खाली आदळायला लागतं.

इथेच बहुतेकजण चूक करतात. आमच्या थोरल्या भावानेही केली होती. दार खाली आलंय ना, मग स्ट्रायकर खाली सरकवा! पाच मिनिटांचं काम, पैसे शून्य. दार लागलंसुद्धा. चार महिन्यांनी पुन्हा लागेना, पुन्हा खाली सरकवला. असं करत स्ट्रायकर सरकायची जागाच संपली. तोवर वरच्या फटीतून पावसाचं पाणी बरोबर भावाच्या उजव्या खांद्यावर गळत होतं, माळशेजच्या घाटात आषाढात हे काय सुख असतं ते विचारू नका. म्हणून सांगतो, आधी बिजागरी, मग लॉक, आणि स्ट्रायकरला हात सगळ्यात शेवटी.

बिजागरीचे स्क्रू आधी तपासा. कधीकधी तेच ढिले असतात आणि पाना फिरवला की रोग संपतो. ते गंजून बसले असतील तर रात्रभर पेनेट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने चार ठोके देऊनच फिरवायला घ्या. घाईत डोकं गोल केलंत की ड्रिल मारून काढावा लागतो, आणि तिथे दिवस जातो. सोडवण्याआधी बिजागरीच्या पट्टीभोवती टोकदार खिळ्याने रेघ ओढून ठेवा. परत बसवताना ती रेघ नसेल तर अर्धा तास दार वर-खाली करत बसाल.

दाराखाली जॅक लावा, जॅकवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर घडी घातलेलं गोणपाट. दाराचं वजन जॅकवर येईल इतकाच उचला, जास्त नाही. दोन्ही बिजागऱ्या एकदम सोडू नका. एक सोडा, दुरुस्त करा, बसवा, मग दुसरी. एकट्याने करायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण काचेसकट दार पायावर पडलं तर साडेसहाशेत भागणार नाही.

पिन खालून वर ठोकून निघते. काही बिजागऱ्यांत पिनचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं, ते ग्राइंडरने किंवा कानशीने उडवावं लागतं. निघालेली पिन नीट बघा. मधल्या भागात झिजून खाच पडलेली दिसेल, पण जो भाग भोकात घट्ट बसलेला होता तो मूळ मापाचा राहिलेला असतो. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, तिथे लावा, तेच तुमचं खरं माप. मी आकडा सांगत नाही, कारण जुन्या गाड्यांत मधल्या काळात कोणी कुठली बिजागरी बसवली असेल त्याचा भरवसा नसतो. आमच्या गाडीच्या दोन दारांत दोन मापं निघाली.

आधी स्पेअरपार्टच्या दुकानात पिन-बुशचा तयार जोड मिळतो का बघा. मिळाला आणि भोक गोल राहिलेलं असेल तर तिथेच काम संपलं. भोक लांबट झालं असेल तर बिजागरी काढून पिशवीत घाला आणि लेथवाल्याकडे जा. त्याला सांगायचं की भोक रीमरने, म्हणजे भोक गोल तासायच्या हत्याराने, एक माप मोठं करून गोल कर, ईएन-८ च्या, म्हणजे कडक पोलादाच्या, सळईची पिन कर, आणि गनमेटलचा किंवा पितळेचा बुश दाबून बसव. साध्या मऊ सळईची पिन घेऊ नका, वर्षभरात पुन्हा तिथेच याल. भोक घरच्या ड्रिलने मोठं करायचा मोह होतो. ड्रिल लांबट भोकाच्या मागेच जातं, भोक मोठं होतं पण वाकडं राहतं. लेथवाल्याला चहा पाजा आणि बुशच्या आत ग्रीससाठी एक बारीक चर मारून घ्या, तो वेगळे पैसे मागत नाही.

लेथवाला जवळ नाही आणि उद्या पहाटे भाडं आहे, अशा वेळेसाठी एक जुगाड आहे. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनिअमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची पट्टी कापून, कडा कानशीने मोडून, पिनभोवती एक-दोन वेढे द्या आणि ग्रीस लावून पिन ठोका. दार उचललं जातं, आवाज थांबतो. पण हे महिना-दोन महिने टिकतं, त्याला दुरुस्ती म्हणू नका. बिजागरीचे दोन कान एकमेकांवर घासून दार खाली बसलं असेल, तर मध्ये एक पातळ वॉशर टाकला की तेवढ्या जाडीने दार वर येतं. हे मात्र टिकतं.

आणखी एक युक्ती तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. बिजागरीत लाकडाचा ठोकळा अडकवायचा आणि दार जोरात ओढून बिजागरी वाकवायची. जुने डेंटिंगवाले हे करतात आणि त्यांचा हात बसलेला असतो. आपला नसतो. बिजागरी ज्यावर बसते त्या गंजलेल्या खांबाच्या पत्र्याला अशाने चीर जाते, आणि चीर गेली की काम वेल्डिंगवाल्याचं झालं. तुमच्या गाडीत बिजागरीच्या मागचा पत्राच फाटलेला किंवा हलताना दिसत असेल तर घरी काही करू नका, सरळ वेल्डिंगला न्या. तिथे बॅटरीची अर्थची वायर काढायला लावा आणि केबिनमधलं अस्तर, फोम बाजूला करून घ्या.

बिजागरी बसली की लॉककडे या. जुनं लॉक बदलायची गरज क्वचितच पडते. त्यात पंचवीस वर्षांचं ग्रीस आणि धूळ मिळून डांबर झालेलं असतं. रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून धुवा, कापडाने पुसा, वाळू द्या, मग थोडं ग्रीस. आता दार उघडं ठेवूनच लॉकचा आकडा (हुक) स्क्रू-ड्रायव्हरने दाबा. ‘टक-टक’ असे दोन टप्पे लागले पाहिजेत. पहिला अर्धा, दुसरा पूर्ण. मग बाहेरचं हँडल ओढून आकडा मोकळा करा आणि मगच दार लावा, नाहीतर बंद आकडा स्ट्रायकरवर आदळतो. (मी आदळला आहे.) दुसरा टप्पा लागतच नसेल किंवा लागून आपोआप सुटत असेल, तर ते लॉक घासू नका, वेल्डिंगने भरू नका, बदला. जुगाडाला माझी ना नाही, पण घाटाच्या वळणावर दार उघडलं तर तुम्ही बाहेर असाल.

आता स्ट्रायकर. खुंट गोल असेल तर लॉक जिथे घासतं त्या बाजूला खाच पडलेली असते. तो ढिला करून अर्धा फिरवा, न झिजलेली बाजू समोर येते. नव्या स्ट्रायकरचे पैसे वाचले. जागा जमवताना चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवून खुंटाला लावा, दार सावकाश टेकवा आणि उघडून बघा. लॉकला कुंकू कुठे लागलं त्यावरून खुंट वर न्यायचा की खाली ते कळतं. अंदाजाने दहा वेळा आपटण्यापेक्षा हे बरं. भावाच्या बायकोने मात्र विचारलं, गाडीची पूजा आज कशी काय?

हँडल खूप ओढल्यावरच लॉक सुटत असेल तर दाराच्या आतली सळी जिथे हँडलला अडकते ते भोक मोठं झालेलं असतं. वायरचं सोललेलं प्लास्टिक सळीच्या टोकावर चढवा, वॉशर लावा, काटपिन घाला. आम्हाला पाच रुपये लागले. आतला पॅनेल काढायला काचेचं हँडल निघत नाही म्हणून लोक ते उचकटतात. बऱ्याच हँडलांच्या मागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. हँडल आणि पॅनेलच्या मध्ये जुन्या धोतराची पट्टी घाला आणि बूट पॉलिश करतात तशी इकडून तिकडे ओढा, क्लिप उडून बाहेर येते. कुठे उडते त्यावर लक्ष ठेवा.

पॅनेल काढलाच आहे तर काच बघून घ्या. काच खालच्या चॅनेलमधून निसटत असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालून परत दाबून बसवा. काच वर-खाली करणाऱ्या मशीनच्या दात्यांना ग्रीस लावा, पण काच सरकते त्या रनरच्या रबराला नको. तिथे धूळ चिकटते आणि काच आणखी जड होते.

दार उघडल्यावर थांबतं का, की पुढे जाऊन केबिनच्या पत्र्यावर आदळतं? दार थांबवणारी स्टॉपरची पट्टी तुटलेली असेल तर नवी बिजागरीही वर्षात वाकेल, कारण वाऱ्याने दार उलटं फिरलं की सगळा झटका तिलाच बसतो. आम्ही गावातल्या पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा मागून आणला, वीतभर तुकडा कापला, दोन्ही टोकांना मोठे वॉशर घालून बोल्टने कसला. अजून तोच आहे.

दाराच्या कडेचं रबर बीडिंग गेलं असेल तर मूळ जाडीचंच घ्या. जाड घेतलं की दार आपटून लावावं लागतं आणि पुन्हा बिजागरीवर ताण. तपासायला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडखळत निघाली तर रबर बरोबर, सहज सुटली तर तिथून पाणी येणार, फाटली तर रबर जाड आहे.

हे सगळं पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या, आठ दिवस आधी काढू नका. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग असतं, तारीख ठाऊक असतेच, तर महिनाभर हातात ठेवून सुरू करा. आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं आहेत, ती तारेने मोकळी करा. आमच्या दारातून मूठभर चिखल, टोमॅटोच्या बिया आणि एक जुनं एक रुपयाचं नाणं निघालं होतं.