नोकरी शहरात, भाड्याचं घर आसपासच्या गावात: गाव कसं निवडावं?

नकाशावरचं अंतर विसरा, दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजा. स्टेशन 20 मिनिटं चालत असेल तर जाऊन-येऊन रोजची 40 मिनिटं तिथेच गेली. मधे गाडी बदलावी लागत नसेल तर गाव थोडं लांब असलं तरी मी तेच घेईन. पहिली गाडी जरा उशिरा आली की पुढची हमखास चुकते. गाडी जिथून सुटते ते गाव मिळालं तर सोन्याहून पिवळं, बसायला जागा तरी मिळते. भाड्यात पासाचे पैसे मिळवूनच तुलना करा. परतीची शेवटची गाडी कधी, तेही बघा. आणि घर ठरवण्याआधी कामाच्या दिवशी, ऐन गर्दीत एकदा जाऊन या. रविवारी सगळीच गावं जवळ वाटतात! पहिला करार जमल्यास 6 महिन्यांचाच करा.