बाराशे कॅलरीचा तक्ता

प्रश्न : सून पाचव्या महिन्यात. दिवस जाण्याआधी वजन ८२ किलो, उंची १५२ सेंमी. मोबाइलवरच्या एआयने रोज १२०० कॅलरी सांगितल्या. पाळायच्या का?
– वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : नाही. ‘वजन कमी करायचंय’ असं विचारलं असणार! या दिवसांत वजन उतरवायचं नसतं. तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३५च्या वर, म्हणजे वजन आधीच जास्त आहे. नऊ महिन्यांत मिळून ५ ते ९ किलो वाढ पुरे. एआयला पुन्हा विचाराल तेव्हा महिना, आधीचं वजन, शुगर-बीपीचे आकडे आणि घरात शिजतं तेच लिहा: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण. ताटाच्या फोटोवर विसंबू नका. झुणक्यात जिरलेलं तेल फोटोत दिसत नाही, चमचे मोजून सांगा. तक्ता आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. डोकं ठणकलं, नजर धूसर झाली, तर एआयला विचारत बसू नका, १०८ लावा.