बॅटरी नवी, तरी सेल्फ जड का फिरतो?

प्रश्न: सर, माझी डिझेल पिकअप बरीच जुनी आहे. सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिन एकदम जड फिरतं, कधी तर नुसतं टक् करून गप्प. बॅटरी नवीन टाकली तर थोडे दिवस बरं वाटलं, आता परत तेच. आता सेल्फ मोटर बदला म्हणतायत. बदलू का?

उत्तर: अजिबात घाई करू नका. आधी अर्थिंगची वायर बघा, जुन्या गाडीत तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही आणि नवनवीन पार्ट टाकत बसतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. बॅटरीच्या निगेटिव्हवरनं जाड वायर चेसीला आणि इंजिनला जाते, तिच्या बोल्टखाली गंज चढतो, वरून सगळं टाइट दिसतं पण सेल्फला लागतो तेवढा करंट पास होत नाही. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंट्यावर (क्लॅम्पवर नाही, खुंट्यावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2-0.3 व्होल्ट दिसले तर ठीक, 0.5 च्या वर गेलं तर लोचा तिथंच आहे. मग निगेटिव्ह काढून ठेवा, बोल्ट खोला, चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. पॉझिटिव्हच्या खुंट्यापासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत पण असंच मोजा.

वायरी चांगल्या निघाल्या तर चार्जिंग बघा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी 12.6 च्या आसपास हवी, इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.4. चालू गाडीतही 13 च्या खाली असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बेल्ट ढिला आहे का बघा, नाहीतर खुद्द अल्टरनेटर, मग कितीही नवी बॅटरी टाका ती बसणारच. हे सगळं ओके आलं तरच सेल्फ खोलायचा, आणि तेव्हाही आधी कार्बन ब्रश आणि बुश बघून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

प्रश्न: सेल्फ जोरात फिरतो पण गाडी सुरू होत नाही, फिल्टरवरचा हातपंप मारला की लगेच होते. असं का?

उत्तर: रात्रभरात डिझेल लाइनमध्ये हवा शिरते आणि डिझेल मागं टाकीकडं उतरतं. फिल्टरचं रबर सील, पाइपचे क्लिप आणि जॉइंटचे तांब्याचे वॉशर तपासा. हवा आत ओढली जाते म्हणून डिझेल बाहेर गळताना दिसेलच असं नाही, त्यामुळं फिल्टरनंतर पारदर्शक डिझेल पाइपचा तुकडा थोडा वेळ जोडून बघा, बुडबुडे दिसले की लीकेज फिल्टरला किंवा त्याच्या मागं टाकीच्या बाजूला. हात लागलाच आहे तर फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून साचलेलं पाणी पण काढून टाका.

प्रश्न: लोड असताना चढावर टेंपरेचरचा काटा वर जातो, सपाटीला खाली येतो.

उत्तर: कूलंटची लेव्हल बघा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. लेव्हल बरोबर असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आतल्या, म्हणजे इंजिनच्या बाजूनं पाणी मारून काढा, प्रेशर वॉशर नको, फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) वाकतात. त्यानंही फरक नाही पडला तर फॅन क्लच (गरम झाल्यावर पंख्याला वेग देणारा) आणि थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) तपासून घ्या.