बोट टोचू नका, टेकवा
वाचकांचे प्रश्न : टचस्क्रीन

आईचं वय ७४. तिच्या बोटाला फोन दाद देत नाही, माझ्या हातात मात्र तोच फोन मुकाट चालतो. स्क्रीन बदलावी का? (सांगली)

बदलू नका, स्क्रीन ठणठणीत आहे. आजच्या फोनची काच दाब ओळखतच नाही. काचेखाली पारदर्शक, वीजवाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे ते जवळ आलं की त्या जागचा विद्युतभार किंचित बदलतो आणि कंट्रोलर चिप तेवढाच फरक टिपते. उतारवयात कातडी कोरडी पडते, कष्टाच्या हातांना घट्टे पडलेले असतात. अशा बोटाचा फरक इतका क्षीण असतो की चिप तो सोडून देते. त्यात बरीच वडीलधारी मंडळी नखाने टोचतात. नख तर काचेच्या लेखी नसल्यातच जमा!

बोटाचा मांसल भाग आडवा टेकवायला शिकवा. आधी हात धुऊन पुसले तर कातडीत जरा ओलावा राहतो. तेल मात्र नको, ते वीज वाहत नाही आणि काच बरबटते. टेम्पर्ड ग्लास जाड असेल, किंवा कडेने सुटून खाली हवा शिरली असेल, तर काढून ०.३ मिमीच्या आसपासची लावा. सेटिंग्जमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असेल तर चालू करा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आईंचं बोट काचेवर रेंगाळत असेल, तर फोन त्याला 'दाबून धरलं' असं समजतो आणि भलताच मेनू उघडतो. ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अँड होल्ड डिले' हा पर्याय असतो, तो 'लाँग' करा. निम्मी कटकट तिथेच संपते.

चार्जिंगला लावला की फोन आपोआप ॲप उघडतो, नंबर दाबतो. व्हायरस आहे का? (नाशिक)

व्हायरसपेक्षा चार्जरवर संशय घ्या. बोटामुळे होणारा फरक पिकोफॅरडच्याही (विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजायचं अतिसूक्ष्म एकक) अंशात असतो. स्वस्त चार्जरमधली फिल्टरिंग कच्ची असली की त्याचा विद्युत गोंगाट केबलमधून फोनमध्ये शिरतो आणि चिपला तोच स्पर्श वाटतो. केबल काढून पाहा. लगेच थांबलं तर चार्जर किंवा केबल बदला. खात्रीसाठी पॉवर बँकेवर लावून पाहा; तिचा घरातल्या विजेशी संबंध नसतो.

केबल काढूनही चालूच राहिलं तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर ७ वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. (काही फोनांत बिल्ड नंबर आणखी एक पायरी आत असतो.) तिथे 'पॉइंटर लोकेशन' चालू करून स्क्रीनभर बोट सावकाश, तिरपं फिरवा. उमटणारी रेघ दर वेळी एकाच पट्ट्यात तुटत असेल, तर जाळीची ती ओळ गेली. मग दुकानदार ज्याला 'फोल्डर' म्हणतो, तो टच आणि डिस्प्लेचा जोड बदलण्याला पर्याय नाही. बोट न लावता रेघा उमटत असतील तर ओल, तडा किंवा मागून रेटणारी बॅटरी. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब बंद करा. हे काम उद्यावर टाकू नका.

पावसात स्क्रीन वेड्यासारखी का करते? (रत्नागिरी)

पाणीही वीजवाहक, त्यामुळे थेंबही बोटासारखाच वाटतो. पुसा, दुसरा इलाज नाही. फोन येत असेल तर आवाजाच्या बटणाने निदान रिंग तरी गप्प होते.

पूर्वी काही मशीनची स्क्रीन जोर लावून दाबावी लागे. ते तंत्र मागासलेलं होतं का? आता गाडीतही सगळं टचवर आलंय, पुढे बटणं जाणारच का? (पुणे)

मागासलेलं नव्हतं, वेगळं होतं. त्या रेझिस्टिव्ह स्क्रीनमध्ये दोन वाहक थर बारीक फटीने वेगळे ठेवलेले असत, दाबल्यावर ते टेकत. म्हणून पेनाचं टोकही चाले आणि हातमोजेही. खरं तर बोटाच्या विद्युतभारावर चालणारी स्क्रीनच आधीची: इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्न इथल्या रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी तिचं वर्णन १९६५ मध्येच केलं होतं. ती घराघरात पोचली २००७ च्या आयफोननंतर.

बटणं जाणार, असं आम्हाला वाटत नाही. बटण नजर रस्त्यावर ठेवून चाचपता येतं, काचेवर बघावंच लागतं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि एसओएस यांसाठी स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलं आहे. गाडी घेताना शोरूममध्ये एसीचा पंखा न बघता कमी करून पाहा.