आधी वजन, मग करवत

क्रेन लावून झाड तुकड्यातुकड्याने उतरवण्याबद्दलचं तुझं पत्र वाचलं. त्यात तू विचारतोस, ‘क्रेनच्या स्क्रीनवर वजन दिसतंच, मग प्रत्येक ओंडक्याचा हिशोब कशाला?’ पहिल्यांदा वैतागच आला. मग आठवलं, तुझ्या वयात मीही असंच म्हणायचो, तेही स्क्रीन नसलेल्या क्रेनवर.

लोखंडी तुळई उचलताना ऑपरेटर ती वीतभर वर घेऊन बघतो, जड वाटली तर खाली ठेवतो. आपल्याला ती सोय नाही. कापलेला ओंडका परत बुंध्याला चिकटत नाही. स्क्रीनवर खरा आकडा येतो तो काप पुरा झाल्यावर, आणि तेव्हा तो कळून तू काय करणार? आधी वजन, मग करवत.

ओलं लाकूड पाण्याइतकं जड धर. काही लाकडं पाण्यात बुडतात, तिथे आणखी चढव. ६० सेंटिमीटर जाड, ३ मीटर लांब ओंडका साधारण ८५० किलो भरतो. तेवढाच लांब पण ८० सेंटिमीटर जाड घेतलास तर दीड टन. जाडी वीतभरही वाढली नाही आणि वजन पावणेदोन पट! खालून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही, म्हणून वर जाताना टेप ने. त्यात हूक-ब्लॉक (कप्पीसकट हूक), बेल्ट, शॅकल (जोडकडी) यांचं वजन मिळव, मगच क्रेनचा चार्ट उघड, किती अंतरावर ती किती ओझं पेलते त्याचा तक्ता. गाडीवर रंगवलेले टन विसर. ते ओझं अगदी जवळ असतानाचे असतात. त्रिज्या, म्हणजे क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून ओझ्यापर्यंतचं आडवं अंतर, वाढली की क्रेनची ताकद झपाट्याने उतरते.

एकदा मी हे सगळं केलं होतं. फक्त अंतर मोजलं ते जॅकपासून, म्हणजे क्रेनला टेकू देणाऱ्या बाजूच्या पायापासून, क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून नाही. आणि दुबेळकं, खोड जिथे दोन फांद्यांत फुटतं ती जागा, नजरेनेच अजमावलं, कारण सूर्य मावळत होता आणि मालक दोनदा घड्याळ बघून गेला होता. काप सुटला, ओझं आलं, बूम (क्रेनचा लांब हात) वाकला, म्हणजे त्रिज्या आणखी वाढली. मागच्या जॅकची थाळी फळीवरून चार बोटं उचलली गेली. थाळीला चिकटलेली ओली माती सुटून फळीवर पडली, ती मला अजून दिसते. ऑपरेटरने ओझं झटकन खाली सोडलं म्हणून क्रेन वाचली. कुंपणाची भिंत गेली. माणूस कुणी खाली नव्हता, पण त्याचं श्रेय मला नाही.

त्यानंतर लोक मला संथ म्हणू लागले. दोन ठेकेदारांनी बोलावणं बंद केलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण वजन लिहिल्याशिवाय मी करवतीची दोरी ओढली नाही आणि ओढणारही नाही. आजकालची कामं वेगाने होतात म्हणे. होऊ देत.

तू विचारलंस, काप सुरू करण्याआधी बेल्टला ताण किती द्यावा. तोही याच आकड्यावरून ठरतो. जेमतेम ओंडक्याच्या वजनाइतका. कमी पडला तर ओंडका दणकन बसतो आणि झटक्याचा भार क्रेनवर येतो. जास्त झाला तर तो वर उसळतो, आणि वर तू असतोस. बेल्ट ओंडक्याच्या भारमध्याच्या वर बांध, हूक बरोबर त्या मध्याच्या माथ्यावर आण. तिरका राहिला तर ओंडका सुटल्यासरशी झोका घेणार. आणि सुटताना तो जिकडे जाईल तिकडे तू नसावास, हे तुला सांगायला लागू नये.

ऑपरेटर ‘उचलतो रे, काप तू’ म्हणाला म्हणून तू गोंधळलास ना? चांगला माणूस असेल तो, पण लाकूड त्याला खालून दिसतं. आकडा त्याला तू द्यायचा, त्याने चार्टवर बघून हो म्हणायचं, आणि मध्ये खुणा करणारा एकच माणूस. थांबण्याची खूण मात्र कुणीही करावी, पोरसवदा मदतनिसाने केली तरी थांबायचं.

पुढच्या झाडाचे फोटो पाठवतो म्हणालास. फोटो नकोत. दुबेळक्याची जाडी, तुकड्याची लांबी आणि तुझा आकडा एका कागदावर लिहून पाठव. काप घेण्याआधी.