सगळं असूनही मन कोरडं का?

"घर झालं, पोरं मार्गी लागली. तरी कशातच राम वाटत नाही ओ मॅडम." सोलापुरात माझ्याकडे येणारी साठीच्या आसपासची माणसं हेच पुन्हा पुन्हा सांगतात.

चादरीच्या कारखान्यात जेकार्डावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, आयुष्य काढलेले एक काका (तपशील बदलले आहेत) रोज सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायचे.

"आज काय दिसलं?"

"दिसायचंय काय? पाच हजार पावलं झाली."

इथंच अडतं. लक्ष आकड्यावर, डोक्यात घरचे हिशेब; विस्मयाला जागाच उरत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ साली विस्मयाच्या दोन खुणा सांगितल्या: समोरचं अफाट वाटणं आणि ते नेहमीच्या समजुतीत न मावणं. २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात ज्येष्ठांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं विस्मय शोधत फेरी मारली. त्यांच्या सेल्फीत स्वतःचा चेहरा कमी जागा व्यापू लागला, हसू मात्र मोठं झालं. स्वतःभोवती फिरणारं मन असं सैल होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

काकांना तेवढंच दिलं. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, एकट्यानं, मोबाईल बंद. आधी सावकाश श्वास, मग एखादी खूप मोठी गोष्ट बघायची, मग एखादी अगदी बारीक. घरी आल्यावर दोन ओळी लिहायच्या.

"भुईकोट किल्ला बघून आलो. काय झालं नाही."

आनंद झाला का, हे ते दर मिनिटाला तपासत होते. असं तपासलं की नजर परत स्वतःकडेच वळते. मग राखून ठेवलेला प्रश्न विचारला: "चादरीत फूल कसं उमटतं?"

"आडव्या धाग्यागणिक एक पुठ्ठ्याचं कार्ड. भोक असंल तिथला उभा धागा उचलतो, नसंल तो खालीच." टेबलावर फिरणारं बोट थांबलं. "एका नक्षीला एवढी कार्डं... हे कुणाला सुचलं असंल ओ?"

१८०४ च्या सुमारास, फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जाकारला (त्याच्याच नावावरून 'जेकार्ड'), तेही आधीच्या कारागिरांच्या कल्पना जोडून. काका ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पुढच्या वेळी वहीत दोन ओळींऐवजी पान भरलं होतं.

म्हणून मी सांगते, जिथं हात बसलाय तिथूनच सुरुवात करा; 'हे कसं होतं?' एवढं विचारा. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर फेरीवर विसंबू नका. आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.