यंदा वळीव भरपूर झालाय. मेअखेरीस कोल्हापूरच्या राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात गेलो तर गवे आणि रानफुलं दिसतील का?

फुलं दिसतील. गव्यांचं नक्की सांगता येत नाही. आणि डोक्यात कास पठारावरच्या फुलांचा फोटो असेल तर तो आधी काढून टाका. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी हे सड्यांवरचे, म्हणजे कातळाच्या पठारांवरचे, गालिचे श्रावण-भाद्रपदातले. मेमध्ये सडा म्हणजे उघडा जांभा, वळीव झाला तर फार तर कोवळी लव धरलेला.

गव्याचं गणित पाण्यावर असतं. कोरड्या उन्हाळ्यात पाणवठे मोजके उरतात, त्यामुळे मचाणावर दम धरून बसलं की कळप कधीतरी समोर येतो. वळीव झाला की जागोजाग डबकी भरतात, मग ठरलेल्या पाणवठ्यावर तो कशाला येतोय? अशाच एका ओल्या मेमध्ये मी तीन तास भिजत बसलो आणि एक भेकर (छोटं हरीण) पाहून परतलो. सोबतचा गावातला वाटाड्या हसून म्हणाला, "पाण्यावर काय बघतायसा? गवतावर बघा की." दुसऱ्या दिवशी पहाटे सावराई सड्याच्या कडेला, धुक्यात, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय घेऊन सात गवे नवं गवत खात उभे होते. तेव्हा भल्या पहाटे किंवा दिवस कलताना उघड्यावर नजर ठेवा, आणि गाडीतून उतरू नका.

फुलांसाठी मान वर करायला शिका. जुन्या झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी याच दिवसांत फुलते: पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके असलेले लोंबते तुरे. कित्येक जण त्याच झाडाखाली चहा पिऊन, न बघताच निघून जातात. खाली पाचोळ्यात रानहळदीचे तुरे थेट जमिनीतून वर येतात, पानं मागून. अंजनीचा निळा-जांभळा बहर मात्र चुकला तुमचा, तो मार्च-एप्रिलचा.

पाखरांत नवरंगाकडे कान ठेवा. पावसाच्या तोंडावर विणीसाठी येतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. दिसायला महा अवघड, झुडपाखाली पाचोळा उकरत बसलेला असतो.

पण माझं मत विचाराल तर तुम्ही काजव्यांसाठी जा. वळीव झाला की मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, जोराचा पाऊस लागेपर्यंत, झाडंच्या झाडं एका तालात उघडझाप करतात. त्यांच्या अळ्या ओलीतल्या गोगलगायींवर वाढतात. तो उजेड म्हणजे नर-मादीची बोलाचाली आहे. त्यात तुमच्या बॅटरीचा झोत घुसला की ती तुटते. मोबाईलवर काजव्यांचा फोटो नाहीतरी काळाच येतो. अंधारात दहा मिनिटं नुसतं उभं राहा, मग डोळे सरावतात.

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, म्हणून तारीख पुढे ढकलत बसू नका. निघण्याआधी दाजीपूरचं गेट चालू आहे का ते वनखात्याकडे विचारा. मुक्काम राधानगरीत केलात तर काजव्यांची रात्र आणि गव्यांची पहाट दोन्ही साधतील.